घरचीही एक वही हवी

मंगरूळपीरच्या बाजार समितीत सोयाबीनची आवक दसरा-दिवाळीच्या सुमारास वाढू लागते. तूर संक्रांतीनंतर येते, हरभरा तिच्या मागोमाग. म्हणजे तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या घरात मोठा पैसा वर्षातून दोनदा, फार तर तीनदा येतो. जाणारा पैसा मात्र बाराही महिने जात असतो. जूनमध्ये पेरणी आणि मुलांची शाळा एकाच आठवड्यात दारात उभी राहते. उन्हाळा लग्नसराईचा. बचत गटाचा हप्ता महिन्याचा, खासगी फायनान्सचा आठवड्याचा किंवा पंधरवड्याचा आणि मोटारसायकलचा हप्ता ठरलेल्या तारखेला. येणाऱ्या आणि जाणाऱ्या पैशाची चाल अशी जुळत नाही आणि मधल्या खड्ड्यात जे साचते त्याला आपण कर्ज म्हणतो. हे केवळ शेतकऱ्याचे नाही. हंगामावर चालणाऱ्या गावात शिंपी, किराणा दुकानदार, ऑटोवाला आणि हार्डवेअरच्या दुकानातला नोकर हे सगळे त्याच चालीला बांधलेले असतात.

आज एखाद्या मध्यम घराचे देणे मोजायला बसलो तर काय काय निघते ते पाहा. सोसायटीचे किंवा बँकेचे पीककर्ज. कृषी केंद्राची बियाणे-खतांची उधारी. किराण्याची वही. बायकोच्या नावावर बचत गटाचे कर्ज, शिवाय एखाद्या फायनान्स कंपनीचे गटकर्ज. डाग ठेवून काढलेले सोनेतारण. मेव्हण्याकडून किंवा मित्राकडून हातउसने. पुण्यात शिकणाऱ्या मुलाने मोबाइलच्या ॲपवर परस्पर उचललेले पाच-दहा हजार. आणि या सगळ्यांच्या मागे, ज्याचे नाव चारचौघांत घेतले जात नाही असे, शेकडा तीनने किंवा शेकडा पाचने घेतलेले सावकारी कर्ज.

बँकेच्या कर्जाच्या अर्जावर ‘इतर देणी’ असा एक रकाना असे. माझ्या नोकरीच्या काळात तो बहुधा रिकामा किंवा अर्धवट भरलेला येई. अर्जदार खोटेच बोलत असे असे नाही. पुष्कळदा त्याला स्वतःलाच एकूण आकडा ठाऊक नसे. प्रत्येक हप्त्याची तारीख पाठ असे, पण सगळे मिळून देणे किती आणि त्यावर व्याज किती, हे विचारले की माणूस गप्प होई. सोबत आलेल्या बाईला त्यातली निम्मी कर्जे माहीत नसत आणि तिच्या गटाच्या कर्जाची शिल्लक त्याला माहीत नसे. एकाच घरात दोन हिशेब आणि दोन्ही तोंडी!

कर्ज फेडण्याची सुरुवात इथूनच व्हायला हवी. जास्त कमावणे, कमी खर्चणे, कर्ज बदलून घेणे हे सगळे नंतरचे. आधी घरात एक वही हवी, नवरा-बायकोने मिळून लिहिलेली.

हिशेबाची वही कोणाच्या हातात आहे, या प्रश्नाला आपल्याकडे इतिहास आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले आणि तो उठाव पुणे-नगरच्या गावोगाव पसरला. इतिहासात तो ‘दख्खनचे दंगे’ म्हणून नोंदला गेला आहे. दंगेखोरांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर होता. कागद हाती लागले की ते जाळले जात. याचे कारण उघड होते. देण्याची सगळी नोंद सावकाराच्या दप्तरी; देणेकऱ्याकडे चिटोरेही नाही. चौकशी होऊन १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांपुरता तो होता. आपला वऱ्हाड त्यात नव्हता. परंतु त्यातली एक तरतूद आजही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. फेडीची लेखी पावती, वर्षाचा हिशेब आणि पासबुकात उतरवलेले खाते मागण्याचा हक्क त्या कायद्याने शेतकऱ्याला दिला. देणेकऱ्याच्या हातीही वही हवी, ही गोष्ट दीडशे वर्षांपूर्वी सरकारला पटली होती. आपल्या घरांना ती अजून पटायची आहे.

दुसरी एक गोष्ट. रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ मध्ये देशभरातल्या ग्रामीण कर्जाची मोठी पाहणी करवली. सहकारी संस्थांकडून मिळणारे कर्ज तेव्हा एकूण कर्जाच्या जेमतेम ३ टक्के होते, हा तिचा निष्कर्ष पुढे फार गाजला आणि त्यावर सहकाराची धोरणे उभी राहिली. परंतु शेतकऱ्याच्या कर्जाचा निम्म्याच्या आसपासचा भाग घरखर्चासाठी काढलेला असतो, हेही त्याच पाहणीत दिसले होते. म्हणजे कर्जाचे एक टोक बांधावर असले, तरी दुसरे चुलीजवळ असते. बांधावरच्या टोकाविषयी सभा-संमेलनांत पुष्कळ बोलले गेले. चुलीजवळच्या टोकाविषयी घरातही फारसे कोणी बोलत नाही.

तर ही वही लिहायची कशी? शंभर पानी वही पुरते. पहिल्या पानावर फक्त देणी लिहा. कोणाचे, किती, कधी घेतले, हप्ता किती आणि व्याज किती. व्याजाचा रकाना भरताना मात्र सावध राहावे लागते, कारण प्रत्येकाची व्याज सांगण्याची भाषा वेगळी असते. सावकार ‘शेकडा तीन’ म्हणतो. ऐकायला तीन वाटतात, पण ते महिन्याचे असतात. वर्षाचे ३६ टक्के झाले. शेकडा पाच म्हणजे ६० टक्के. ५० हजारांवर शेकडा तीनने महिन्याला १,५०० रुपये नुसते व्याज होते. तेवढेच भरत राहिलात तर तीन वर्षांत ५४ हजार जातात आणि मुद्दल ५० हजार जागच्या जागी. व्याज न भरता ते मुद्दलात मिळवले जाऊ लागले, तर दोन वर्षांत कर्ज दुप्पट होते.

फायनान्सवाला ‘फ्लॅट’ दर सांगतो. १ लाख रुपये दोन वर्षांसाठी १२ टक्के फ्लॅटने घेतले तर व्याज २४ हजार आणि हप्ता सुमारे ५,१६७ रुपये. पण दर महिन्याला मुद्दल कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण लाखावर धरलेले असते. बँकेच्या घटत्या शिलकेच्या पद्धतीने मोजले तर हा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. क्रेडिट कार्डाची थकबाकी बऱ्याचदा महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास चढते, म्हणजे वर्षाला ४० च्या पुढे. कृषी केंद्राच्या उधारीवर व्याज लिहिलेले नसते, पण रोखीचा भाव आणि उधारीचा भाव विचारून पाहा. त्यांतला फरक म्हणजेच व्याज. सगळे दर एकाच मापात, वर्षाच्या टक्क्यांत उतरवले की कोणते कर्ज घर पोखरते आहे ते अर्ध्या तासात दिसते. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांसाठी बँकांनी आणि वित्त कंपन्यांनी ग्राहकाला समजेल अशा भाषेत मुख्य बाबींचे पत्रक देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. शुल्कासह वर्षाचा प्रत्यक्ष दर त्यात लिहिलेला असतो. सही करण्याआधी तो पाहावा आणि वहीत उतरवून घ्यावा.

दुसऱ्या पानावर वर्षाचे उत्पन्न. इथे हात आखडता ठेवावा. २०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीन काही काळ क्विंटलला १० हजारांच्या वर गेले होते. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजारात त्याहूनही कमी भावाने ते विकावे लागले. ज्यांनी २०२१ चा भाव धरून ट्रॅक्टरचे किंवा घराचे हप्ते बांधले, त्यांची काय दशा झाली असेल ते सांगायला नको. गेल्या चार-पाच वर्षांतला सर्वांत कमी भाव धरावा, उताराही बेताचा धरावा आणि लागवडीचा खर्च वजा करून उरेल त्याला बाराने भागावे.

एक घर कल्पनेने घेऊ. चार एकर शेती. खर्च वजा जाता वर्षाला ६० हजार उरतात. नवरा दुकानात नोकरीला, महिना ९ हजार. बायको शिवणकाम करते, महिना अडीच हजार. वर्षाचे झाले १ लाख ९८ हजार, महिन्याचे १६,५००. घरखर्च आणि चालू हप्ते मिळून १२,५००. उरले ४ हजार. या घरावर शेकडा तीनचे ४० हजारांचे कर्ज आहे. वही नव्हती तेव्हा सावकाराला महिन्याला २ हजार जात आणि उरलेल्या २ हजारांचा पत्ता लागत नसे.

तो पत्ता वहीचे तिसरे पान सांगते. जमाखर्चाच्या जुन्या भाषेत हिला रोजकीर्द म्हणतात: आज काय आले, आज काय गेले. रात्री जेवणानंतर पाच मिनिटांचे काम. पहिला महिना काहीही बदलू नका, फक्त लिहा. पानठेल्यावरचा खर्रा आणि टपरीवरचा चहा मिळून दिवसाला ६० रुपये जात असतील, तर महिन्याचे १,८०० आणि वर्षाचे जवळजवळ २२ हजार होतात. हे उपदेशाने कळत नाही, बेरीज केली की कळते. चहा सोडा, असे मी म्हणणार नाही. उन्हातान्हात राबणाऱ्या माणसाला घोटभर चहा लागतो. पण ६० चे ३० करायचे की नाही, हे त्याने आकडा पाहून ठरवावे.

आणखी एक गोष्ट त्या पानांवर दिसू लागते. बिरबलनाथ महाराजांची यात्रा दरवर्षी येते, दादा हयात कलंदरांचा उरूस दरवर्षी येतो. पोळा, दिवाळी, ईद, शाळेची फी, गाडीचा विमा, माहेरचा आहेर यांतले काहीच अचानक येत नाही. तरी दरवर्षी आपण अचानक पाहुणा आल्यासारखे धावतो आणि हातउसने घेतो. वर्षाच्या ठरलेल्या खर्चांची यादी करून तिलाही बाराने भागले, की सण ऋण काढून करावा लागत नाही.

इथे एक सावधगिरीची सूचना. काटकसर म्हटले की आपल्याकडे ती पहिल्यांदा बाईच्या ताटात होते. दूध कमी होते, तिचे औषध पुढच्या महिन्यावर जाते, मुलीचा क्लास बंद होतो. खर्रा आणि मोबाइलचा रिचार्ज मात्र चालू राहतो. अशी काटकसर कर्ज फेडत नाही, घराची ताकद फेडून टाकते. म्हणून वही दोघांनी लिहायची आणि कात्रीही दोघांनी मिळून चालवायची. शिवाय खरी मोठी गळती रोजच्या बाजारात कमीच असते. ती असते लग्नाच्या पंगतीत, गरजेहून मोठ्या गाडीत आणि शेजाऱ्याने घेतला म्हणून घेतलेल्या फ्रिजमध्ये. भाजीत दोन रुपये वाचवून लग्नात दोन लाख उधळणाऱ्या घराला वही वाचवू शकत नाही.

आता त्या ४० हजारांकडे वळू. महिन्याला २ हजारच भरत राहिले, तर शेकडा तीनचे हे कर्ज फिटायला ३१ महिने लागतात आणि एकूण सुमारे ६२ हजार द्यावे लागतात. तेच ४ हजार भरले तर १२ महिने संपून तेराव्यात किरकोळ बाकी उरते. एकूण जातात सुमारे ४८,३००. हप्ता दुप्पट केला तर मुदत निम्मी होईल असे वाटते, प्रत्यक्षात ती निम्म्याहूनही खाली येते. सोयाबीनची पट्टी हाती आल्याबरोबर त्यातला भाग थेट मुद्दलात भरला तर आणखी लवकर. म्हणून क्रम असा असावा: सगळ्या कर्जांचे किमान हप्ते चुकवायचे नाहीत, पण हाती उरणारा प्रत्येक जादा रुपया सर्वांत महाग कर्जावर टाकायचा. ते संपले की तोच हप्ता पुढच्या महाग कर्जाला जोडायचा. आपण नेमके उलटे करतो. जो दारात येऊन ओरडतो त्याला आधी देतो आणि जो गोड बोलतो त्याचे व्याज चढू देतो.

घरात सोने असेल तर आणखी एक वाट आहे. डाग पेटीत ठेवून शेकडा तीनचे व्याज भरण्यात शहाणपण नाही. बँकेत सोनेतारण वर्षाला १२ टक्क्यांनी मिळाले आणि महिन्याला तेच ४ हजार भरले, तर ४० हजार साधारण ११ महिन्यांत फिटतात. व्याज अडीच हजारांच्या आत. मात्र दोन अटी आहेत. ते सोने बाईचे स्त्रीधन असते, निर्णय तिचाच हवा. आणि कर्ज स्वस्त झाले म्हणून हप्ता सैल करायचा नाही, नाहीतर डाग लिलावात जातो आणि सावकारही पुन्हा दारात येतो.

पीककर्जाचेही असेच. ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडणाऱ्याला केंद्राच्या सवलतीमुळे ४ टक्क्यांनी पडते आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तेही शून्यावर येते. इतका स्वस्त पैसा दुसरीकडे नाही. तरीही मार्चअखेरीस ‘नवे-जुने’ करण्यासाठी आठ-पंधरा दिवसांकरिता सावकाराकडून पैसे उचलण्याची चाल आहे. त्या चार दिवसांचे व्याज सवलतीचा बराचसा फायदा गिळून टाकते. तुरीच्या पैशातून ही रक्कम फेब्रुवारीतच बाजूला काढली, तर हा फेरा टळतो. वहीत मार्चच्या पानावर हे आधीच लिहून ठेवावे.

कर्ज डोक्यावर असतानाही थोडी शिल्लक ठेवावी का, असे पुष्कळजण विचारत. हिशेबाने पाहिले तर ३६ टक्क्यांचे कर्ज असताना बँकेत पैसे ठेवणे चूक. व्यवहाराने पाहिले तर पाच-सात हजारांची गाठ हवीच. ती नसेल तर मुलाला ताप आला, पंपाची मोटर जळाली की माणूस पुन्हा त्याच सावकाराच्या पायरीवर जातो. उडुपीच्या सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये रोज दोन आणे जमा करण्याची पिग्मी योजना काढली, ती अशाच लोकांसाठी. तीच पद्धत पुढे आपल्या पतसंस्थांनी गावोगाव नेली. रोज दारात येणाऱ्या माणसाकडे भरलेले २० रुपये महिन्याला ६०० होतात. संस्था मात्र पारखून घ्यावी आणि पावती त्याच वेळी मागावी.

आता जे वही करू शकत नाही त्याविषयी. राष्ट्रीय नमुना पाहणीने २०१९ मध्ये केलेल्या पाहणीत देशातली निम्म्याहून किंचित अधिक शेतकरी कुटुंबे कर्जात आढळली. सर्व शेतकरी कुटुंबांचे मिळून सरासरी देणे ७४,१२१ रुपये आणि सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये होते. सव्वासात महिन्यांची सगळी कमाई देण्यात! उत्पन्नच खर्चाला पुरत नसेल, पीक हमीभावाखाली विकावे लागत असेल, एका शस्त्रक्रियेत दहा वर्षांची शिल्लक जात असेल, तर त्या घराला जमाखर्च शिकवणे ही क्रूर थट्टा ठरेल. विदर्भाने कर्जापायी जी माणसे गमावली, ती हिशेब येत नव्हता म्हणून गेली असे कोणी म्हणू नये. भाव, पाऊस, विमा आणि उपचार यांची जबाबदारी सरकारची आणि समाजाची आहे, ती कोणत्याही वहीवर ढकलता येणार नाही.

तरीही वही लागतेच, अशा घराला तर अधिक लागते. २००८ ची, २०१७ ची आणि २०१९ ची कर्जमाफी ही मुख्यतः बँका आणि सोसायट्यांच्या शेतीकर्जापुरती होती. किराण्याची उधारी, फायनान्सचा हप्ता आणि शेकडा पाचचे देणे तिने पुसले नाही. हे उरलेले देणे किती, ते फक्त घरच्या वहीतच कळते. कायद्याचा आधार घ्यायचा तरी लेखी नोंद लागते. परवाना नसताना सावकारी करणे २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याने गुन्हा आहे. त्याखाली ठरलेल्या दरांनुसार परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारण कर्जावर वर्षाला ९ आणि विनातारण कर्जावर १२ टक्केच व्याज घेता येते. सावकारीत बळकावलेली जमीन १५ वर्षांच्या आतली असेल तर जिल्हा निबंधकाकडे दाद मागता येते. पण कधी किती घेतले आणि किती दिले, हे सांगता आले तर! रिझर्व्ह बँकेच्या मार्च २०२२ च्या नियमांप्रमाणे वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला विनातारण सूक्ष्म कर्ज देताना, त्या कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांच्या वर जाता कामा नयेत. अशा कर्जाची मुदतपूर्व फेड केली तर दंड नाही आणि वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी व संध्याकाळी ६ नंतर तगादा लावता येत नाही. नियमाने संपूर्ण कुटुंब एक धरले आहे. कुटुंब मात्र स्वतःला एक धरायला तयार नसते.

कर्जाविषयीची सर्वांत जड गोष्ट व्याजाची नसते, लपवण्याची असते. नवरा बायकोला सांगत नाही, कारण ती घाबरेल. बायको गटाचे कर्ज सांगत नाही, कारण तो रागावेल. मुलगा ॲपचे कर्ज सांगत नाही, कारण घरी आधीच ओढाताण आहे. प्रत्येकजण दुसऱ्याला जपण्यासाठी गप्प बसतो आणि प्रत्येकजण एकटाच रात्री आढ्याकडे पाहत पडतो. वही उघडी ठेवली की पहिल्या दिवशी भांडण होईल, बहुधा मोठे होईल. पण त्या रात्री देणे चौघांचे झालेले असते. चौघांनी वाटून घेतलेला आकडा एकट्याच्या मनातल्या आकड्यापेक्षा नेहमीच लहान असतो, असे मी कितीतरी घरांत पाहिले आहे. १९९२ पासून ‘नाबार्ड’ने बचत गट बँकांशी जोडले. त्यांच्या पंचसूत्रीत नियमित बैठक, बचत, कर्जवाटप आणि परतफेड यांच्या जोडीने नियमित हिशेबलेखन आहे. गटात बसून महिन्याला चोख हिशेब लिहिणाऱ्या बाया आपल्या तालुक्यात गावोगाव आहेत. घरची वही कोणाकडे सोपवावी, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ घरांत आधीच तयार आहे. फक्त तिला सगळी देणी सांगितली पाहिजेत.

आणि कर्ज फिटल्यावर? शेवटचा हप्ता भरला म्हणजे काम संपले असे समजू नये. बँकेकडून बेबाकीचा दाखला घ्यावा. सातबारावरचा बोजा उतरला की नाही ते तलाठ्याकडे जाऊन पाहावे. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मालमत्तेची मूळ कागदपत्रे परत करावीत आणि आपल्यामुळे उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा २०२३ चा आदेश आहे. तो माहीत असू द्यावा. सावकाराला दिलेले कोरे धनादेश आणि सह्या केलेले कागद परत मागून घ्यावेत. मग वहीचे पहिले पान उघडावे. फिटलेल्या कर्जाची ओळ खोडू नये; तिच्यापुढे फक्त तारीख लिहावी. घरात पुन्हा कधी कोणी कर्जाचा विषय काढला, तर ती ओळ मोठ्याने वाचून दाखवता येते: किती घेतले होते, किती दिले आणि किती दिवस लागले.